फाक कुठून कापायची, हा खरा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत मोबाइलवर काढलेले फोटो तुम्ही एका अ‍ॅपमध्ये घालून कॅलिडोस्कोपसारखी चित्रं केलीत. फोटो तीन, तिन्ही वेगळे: सीएसएमटीचा घुमट, दादरचा फुलबाजार आणि सी-लिंक. पण चित्रं मात्र तिन्ही एकाच छापाची आली, 'बाथरूमच्या टाइल्ससारखी' (शब्द तुमचाच). शिवाय जोडांवर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात. बहिणीच्या बोरिवलीच्या नव्या घरात दोन फूट बाय दोन फुटांचं एक चित्र लावायचंय, आणि त्यासाठी फोटोशॉप शिकावं की दुसरं काही, हे तुम्हाला ठरवायचंय.

सॉफ्टवेअरचं उत्तर दोन ओळींचं आहे. फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर केवळ यासाठी त्याचे महिन्याचे पैसे भरू नका. गिंप हे तसंच फोटोचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. पण अ‍ॅप बदललंत तरी चित्रं तशीच येतील असं मला वाटतं, कारण अडचण अ‍ॅपमध्ये नाही. कॅलिडोस्कोप म्हणजे फोटोतली एक फाक, कलिंगडाची काढतो तशी, आणि तिच्या आरशातल्या नकला. ती फाक कुठून कापायची हे अ‍ॅप तुम्हाला विचारत नाही. ते बरोबर फोटोच्या मधोमध सुरी घालतं. आपण फोटो काढतो तेव्हा मुख्य वस्तू मधोमधच ठेवतो, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या वस्तूचाच चुरा होतो.

मी बरीच वर्षं लोअर परळच्या एका स्टुडिओत चादरी-पडद्यांची प्रिंट डिझाइनं करत होते; आता घरूनच फोटोंवरून भिंतीसाठी चित्रं करते. त्यामुळे पुढचं सगळं छापायच्या चित्राच्या हिशेबाने आहे. नुसतं मोबाइलच्या स्क्रीनवर बघायचं असेल तर यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल. आणि चित्रात मूळची वस्तू ओळखू यायला हवी की नको, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला ती थोडी उशिरा ओळखू आलेली आवडते. काहींना अजिबात नको असते.

आधी फाकेबद्दल. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे खोलीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या होत्या. एक लादी सुटी बघितली तर तिच्या कोपऱ्यात नुसती पाव गोलाची एक कमान. चार लाद्या कोपऱ्याला कोपरा लावून बसवल्या की त्या चार कमानींचं एक पूर्ण वर्तुळ व्हायचं, आणि बघणाऱ्याला ते वर्तुळच दिसायचं, लादी दिसायची नाही. म्हणजे डोळ्यात भरणारा आकार लादीच्या आत नव्हताच, तो कडांवर तयार होत होता. कॅलिडोस्कोपमध्येही हेच होतं. फाकेच्या पोटात काय आहे त्यापेक्षा तिच्या दोन कडांवर आणि टोकावर काय येतं, त्यावर चित्र ठरतं.

कड म्हणजे आरसा. कडेला एखादी रेषा काटकोनात येऊन भिडली, तर पलीकडे ती सरळ चालू राहते. अशा रेषांची पुढे कडी होते, सगळ्या पाकळ्यांना बांधणारी. रेषा तिरपी आली तर बाणाचं टोक तयार होतं. चांदणीचे कोन हवे असतील तर अशा तिरप्या रेषा शोधायच्या. रेषा कडेला लागून समांतर धावत असेल तर तिची जाड पट्टी होते आणि चित्राला सायकलच्या चाकासारखे आरे येतात. हे सहसा वाईट दिसतं, आणि नवख्या चित्रांत हेच सगळ्यात जास्त असतं. गोल वस्तू कडेवर कापली गेली तर दोन शक्यता: अर्ध्याहून कमी भाग आत राहिला तर बदामासारखा टोकेरी आकार येतो, अर्ध्याहून जास्त राहिला तर दोन गोल एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. पहिला जवळजवळ नेहमी छान दिसतो. दुसरा मला तरी बेडकाच्या डोळ्यांसारखा वाटतो. आणि कड जर रिकाम्या आभाळातून किंवा गडद सावलीतून गेली तर काहीच जुळत नाही. आकार सुटे-सुटे तरंगतात. कधीकधी तेही हवं असतं, म्हणजे एक कड गजबजलेली आणि दुसरी मोकळी. माझ्या बहुतेक चांगल्या चित्रांत असंच निघालंय.

टोकाचं वेगळं. आठ फाकांच्या चित्रात ते आठदा एकाच बिंदूवर येतं, म्हणजे लोकांची नजर पहिल्यांदा जिथे जाणार ती जागा हीच. तिथे बारीकसारीक गर्दी आली तर मध्यभागी नुसता चिखल दिसतो. टोकाशी एकच ठाम रंग ठेवा, नाहीतर अगदी साधा आकार.

या हिशेबाने तुमचे तिन्ही फोटो बघू. सीएसएमटीचा घुमट मुळातच अष्टकोनी आहे, त्याला फासळ्याही आहेत. जे आधीच सममित आहे त्याला आरसे लावून काय मिळणार? घुमटाचा घुमटच होतो, थोडा बिघडलेला. त्यापेक्षा त्याच इमारतीचा कोपरा, छपराच्या पन्हळीच्या तोंडाशी कोरलेला एखादा प्राणी, अर्धी कमान आणि त्यावर पडलेली विजेच्या तारेची सावली, असं काहीतरी वाकडंतिकडं जास्त देतं. फुलबाजाराच्या फोटोत उलट अडचण आहे. झेंडूचे ढीगच ढीग. रंग सुंदर, पण कुठूनही फाक काढली तरी तोच पोत. सगळं बारीक, सगळं सारखं, म्हणून टाइल. चित्राला एक मोठा आकार लागतो, काही मधले, आणि मग बारीक पोत. तुमच्या फोटोत मोठा आकार जवळजवळ नाहीच. सी-लिंकमध्ये मात्र सगळं आहे: खांबाचा मोठा गडद आकार, पंख्यासारख्या पसरलेल्या केबल्स, भरपूर मोकळं आभाळ. बहिणीसाठी तोच घ्या.

आता फाक शोधायची कशी? माझी पद्धत हसण्यासारखी वाटेल, पण कॉम्प्युटरपेक्षा झटपट आहे. काचेच्या दुकानातून आरशाच्या दोन पट्ट्या कापून घ्या, सहा इंच लांब आणि दोन इंच रुंद पुरतील. मागून चिकटपट्टीने पुस्तकासारख्या जोडा. टॅबलेट किंवा फोटोची साधी प्रिंट टेबलावर आडवी ठेवा, आरसे त्यावर उभे करा आणि सरकवत राहा. शाळेत तीन पट्ट्या आणि फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे घालून शोभादर्शक केला असेल, त्याचाच हा भाऊ. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१६ मध्ये हे खेळणं शोधलं आणि १८१७ मध्ये पेटंट घेतलं. त्यांच्या नळीतही मूळ करामत अशा दोन आरशांचीच होती. आरशांमधला कोन ४५ अंश ठेवलात तर आठ फाका दिसतात, ६० ठेवलात तर सहा, ३० ठेवलात तर बारा. पाच मिनिटांत वीस जागा बघून होतात. आवडली की आरशांच्या कडेने पेन्सिलने खूण करायची, टॅबलेट असेल तर दुसऱ्या मोबाइलवर फोटो.

आरसे नको असतील तर गिंपमध्ये फिल्टर्सखाली डिस्टॉर्ट्समध्ये कॅलिडोस्कोप नावाचा फिल्टर आहे. त्यात आरशांची संख्या, त्यांचा कोन आणि ऑफसेट (किती सरकवायचं ते) बदलत गेलात की चित्र समोर बदलतं. शोधायला तो फार छान आहे. शेवटचं चित्र मात्र मी हातानेच बांधते, कारण कडेवर एखाद्या पिक्सेलचा निर्णय मला माझ्या हातात हवा असतो. ही माझी खोड समजा.

एक नियम आरशांनीच घालून दिलाय: फाकांची संख्या सम हवी. एक सुलटी, एक उलटी, अशा जोड्या लागतात. पाच किंवा सात फाका केल्यात तर शेवटची फाक पहिलीला भेटते तिथे जोड फसतो. पाच पाकळ्यांचं फूल हवं असेल तर ३६ अंशांच्या दहा फाका करा.

आता तुमच्या पांढऱ्या रेघा. फाक कापताना सॉफ्टवेअर तिरपी कड गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक करतं. दोन अर्धवट कडा शेजारी आल्या की मधून मागचा पांढरा कागद डोकावतो. सहा किंवा बारा फाका करताना यावर सोपा उपाय म्हणजे फाक अर्धा अंश जादा कापायची, ३० ऐवजी साडेतीस, म्हणजे शेजारणीवर जराशी चढते. पण आठ फाकांसाठी त्याहून चांगली युक्ती आहे, आणि तुम्ही तीच वापरा.

शेवटचं चित्र ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं धरू. फोटोतून १८०० बाय १८०० चा चौकोन काढा, असा की त्याच्या एका कोपऱ्यात तुम्हाला हवं ते टोक येईल. समजा तो कोपरा खाली उजवीकडे आहे. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-जे दाबून त्या लेअरची, म्हणजे चित्राच्या थराची, नक्कल करा. वरच्या लेअरला आडवं फ्लिप करा, मग ९० अंश फिरवा. तो कोपरा पुन्हा होता तिथेच यायला हवा. नाही आला तर दुसऱ्या दिशेने फिरवा. मग त्या कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णाच्या एका बाजूचा भाग मास्कने (न पुसता लपवायच्या सोयीने) झाका. झाली दोन फाकांची जोडी, आणि खाली पूर्ण चौकोन असल्यामुळे पांढरं डोकवायला जागाच नाही. हे एकत्र करा, कॅनव्हास दुप्पट करा, नक्कल डावी-उजवी उलटवा, मग या सगळ्याची नक्कल करून ती वर-खाली उलटवा. आठ फाका तयार. यात फ्लिप आणि ९० अंश सोडून दुसरं काही नाही, त्यामुळे एकही पिक्सेल घासला जात नाही. ६० किंवा ३० अंश फिरवताना सॉफ्टवेअरला प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजावा लागतो आणि चित्र किंचित मऊ होतं. तशी चित्रं करायचीच असतील तर प्रत्येक फाक मूळ फाकेवरून फिरवा. फिरवलेलीला पुन्हा फिरवू नका, नाहीतर बाराव्या फाकेपर्यंत पार पीठ झालेलं असतं.

फोटोशॉपवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. कापाकापीच्या आधी तो चौकोन स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, म्हणजे असा लेअर की मूळ बदललं की त्याच्या सगळ्या नकला बदलतात, आणि लेअर एकत्र न करता सगळ्या नकला त्याच्याच ठेवा. मग त्यावर डबल क्लिक करून आतला फोटो थोडा सरकवला आणि सेव्ह केला की बाहेरच्या आठही फाका बदलतात. नळी फिरवल्यासारखंच. एकदा चौकट बांधली की त्यात कुठलाही फोटो घालून बघता येतो. माझी अशी एक फाइल दहा वर्षं चालू आहे.

दुसरी एक पद्धत आहे जिच्यात फाक कापायचीच नसते, आणि सी-लिंकला ती कदाचित जास्त शोभेल. पूर्ण चौकोनी फोटोची नक्कल करा, आडवी उलटवा, ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) डार्कन ठेवा, एकत्र करा. मग नक्कल वर-खाली उलटवून तेच. मग नक्कल ९० अंश फिरवून तेच. डार्कनमध्ये दोन्हीतला गडद पिक्सेल टिकतो, त्यामुळे फिकट आभाळ विरून जातं आणि केबल्सवर केबल्स चढत जाळं विणलं जातं. मधला वर-खालीचा टप्पा गाळू नका. त्याशिवाय फिरवलंत तर सममिती लंगडी राहते, आणि कुठे चुकलं ते कळत नाही. रात्रीच्या दिव्यांच्या फोटोला हेच लायटन मोडने करायचं, त्यात उजळ पिक्सेल टिकतो. डिफरन्स मोडचे (त्यात दोन थरांची वजाबाकी होते) रंग भलतेच भारी येतात, पण आरशाच्या रेषेवर पिक्सेल स्वतःतूनच वजा होतो म्हणून तिथे हमखास काळी रेघ उमटते. मला ती कधी पसंत पडली नाही.

फोटो काढताना दोन गोष्टी बघा. एक, उजेडाची दिशा. फाकेच्या टोकाकडून बाहेर उजेड जात असेल तर सगळं चित्र मध्यभागी दिवा ठेवल्यासारखं दिसतं. आडवा उजेड असेल तर एका फाकेत सावली डावीकडे, दुसरीत उजवीकडे. त्याने उठाव येतो पण मन स्थिर होत नाही. दोन, अक्षरं. मुंबईत कुठेही कॅमेरा धरा, पाटी येतेच. उलटी झालेली देवनागरी एकदा दिसली की माणूस चित्र बघायचं सोडून ती वाचायला लागतो. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी एका चित्रात आठ वेळा आली होती माझ्या.

आणि चेहरे. यात मी स्वतः तोंडावर आपटलेय. एका दवाखान्याच्या वेटिंग रूमसाठी वर्सोव्याला वाळत घातलेल्या बोंबलांच्या फोटोवरून मोठं चित्र केलं होतं. करड्या-रुपेरी रंगाचं, माझ्या मते फार देखणं. लावून झाल्यावर एक चार वर्षांची मुलगी त्याच्याकडे बघून रडायला लागली, आणि मग मलाही दिसला: दोन डोळे, उघडा जबडा, दात. आठवडाभर मी त्या फाइलसमोर बसले होते आणि मला एकदाही दिसला नव्हता. उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखं काही आलं की माणसाचा मेंदू त्यात तोंड शोधतोच. चित्र उलटं करून तपासण्यात अर्थ नाही, आठ फाकांचं चित्र उलटं केलं तरी तेच राहतं. ते पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान करून बघा आणि घरातल्या पोराला 'काय दिसतं' विचारा. राक्षस निघाला तर पूर्ण चित्र २२.५ अंश फिरवा. उभ्या रेषेवर मग आरसा राहत नाही आणि चेहरा मोडतो. मात्र फिरवल्यावर कोपरे रिकामे पडतात आणि कापून उरलेला चौकोन बाजूने साधारण तीन चतुर्थांश राहतो, तेव्हा आधीच मोठ्या मापात काम करा. दवाखान्याला मी माझ्या खर्चाने दुसरं चित्र करून दिलं.

छपाईचं गणित असं. दोन फूट म्हणजे २४ इंच. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ७२०० पिक्सेल लागतील, पण सोफ्यावरचं चित्र चार-पाच फुटांवरून बघतात, त्याला १५० पुरतं, म्हणजे ३६००. तुमचा मोबाइल १२ मेगापिक्सेलचा म्हणता, म्हणजे फोटो ४००० बाय ३००० आहे, आणि १८०० चा चौकोन त्यातून सहज निघतो. पण शेवटी आवडलेली फाक इवलीशी, चारशे-पाचशे पिक्सेलची असेल तर ताणू नका. त्या जागी परत जाऊन जवळून फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत वापरू नका, मूळ फाइल घ्या. रंग-कॉन्ट्रास्टची मोठी दुरुस्ती फाक कापण्याआधी करा, शेवटची हलकी दुरुस्ती पूर्ण चित्रावर. छापताना मॅट कागद किंवा कॅनव्हास सांगा. चकचकीत घेतलंत तर रात्री चित्राच्या जागी ट्यूबलाइट दिसेल. आणि पूर्ण छपाईआधी मधला आठ इंचांचा तुकडा खऱ्या मापात छापून भिंतीवर टेकवून बघा. स्क्रीनवरचा निळा कागदावर बहुतेक वेळा बुजतो.

तुम्ही जोडलेल्या सी-लिंकच्या फोटोत मी टोक खांबाच्या डाव्या बाजूला, तिसरी-चौथी केबल खांबाला भिडते त्याच्या जरा बाहेर, निव्वळ आभाळात धरेन. एक कड केबल्सना शक्य तितकी काटकोनात छेदेल, दुसरी मोकळ्या आभाळातून जाईल. खालची गाड्यांची रांग फाकेच्या रुंद बाजूला थोडी आली तर येऊ द्या, चित्राच्या काठावर बारीक नक्षी होईल. फुलबाजाराचा फोटोही टाकून देऊ नका. उजव्या कोपऱ्यात तराजूचं अर्धं पारडं आणि त्याच्या साखळ्या दिसतायत, मागे निळं प्लास्टिक आहे. आरसे आधी तिथे उभे करून बघा.